निवटी

आठवी ब, सेमी इंग्रजी, दिवे गाव, ऐरोली.
खिडकीला जाळी, जाळीपलीकडे कांदळवन.
दुपारच्या तासाला खाडीचा वास आत येतो
आणि शेवटच्या बाकावर बसतो.

आज तोंडी परीक्षा.
माझ्या हातात तक्ता. विद्यार्थ्याचे नाव,
पूर्ण वाक्यात उत्तर देतो का,
पुढे एक चौकोन, खुणेपुरता.

प्राजू मढवी उभी राहते.
व्हॉट इज अडॅप्टेशन, मी विचारते.
हे वाक्य काल रात्री कुकरच्या शिट्ट्यांमध्ये
मी अकरा वेळा म्हटलंय.
आतल्या खोलीतून लेक ओरडली होती,
"टे-वर जोर दे, आई, टे-वर!"
तिच्या जिभेची फी आम्ही दरमहा भरतो.
मी मुरबाडला शिकले.
माझ्या डोक्यात अनुकूलन आहे, प्रकाशसंश्लेषण आहे,
आणि टेबलापासून फळ्यापर्यंतच्या चार पावलांत
मी रोज त्यांचे कपडे बदलते.
कधी एखादं बटण उलटं लागतं.
मुलांना कळत नाही. मला कळतं.

प्राजू गप्प.
ओठ मात्र हलतायत.
"अडॅप्टेशन इज द... इज द..."
त्या 'द'च्या उंबऱ्यावर ती अडते,
आणि मागची मुलं हसतात,
ज्यांचा स्वतःचा 'द' अजून यायचाय.

फुली मारायला पेन टेकवलं
आणि का कोण जाणे म्हटलं,
बरं, तुझ्या शब्दांत सांग.

"माझ्या?"
जणू मी तिला डबा उघडून दाखवायला सांगितलं.

मग ती बोलली.
"बाई, निवटी. ती पान्यान पन रवतं, चिखलान पन.
पानी उतरलं की गालान पानी भरून ठेवतं,
त्यावं जगतं.
अंग सुकाय लागलं की चिखलान लोलतं.
डोले डोक्यावं हान तिचे, सगलीकरं बगतं.
माझा बापूस बिलान हात घालतं
तवा तिला आदीच कलतं."
बोलता बोलता तिचे दोन्ही हात
बाकावर कोपरांनी चालू लागले.
कुणी हसलं नाही.

गेल्या जूनमध्ये याच मुलीला
"पानी नाही, पाणी" असं मी
सगळ्यांसमोर तीनदा म्हणायला लावलं होतं.
आणि पालकसभेत तिची आई म्हणाली होती,
"इंग्लिशच शिकवा बाई, मराठी ती घरान शिकंल."
घरात जे बोलतात
त्याला तर मराठीच्या पुस्तकानंही
कधी आत या म्हटलं नव्हतं.
म्हणजे ही पोर दोन वह्यांतून परकी,
आणि मी हजेरीत तिला रोज
उपस्थित लिहीत आले.

चौकोन रिकामा ठेवून पुढचं नाव घेतलं.
खाली बसता बसता तिनं विचारलं,
"बाई, निवटीला इंग्लिशमदी काय बोलतान?"
उद्या सांगते, म्हणाले.
एवीतेवी मी "आधी तू बस" म्हणणाऱ्यांतली.

रात्री मोबाइलवर सापडलं.
लेकीला विचारलं नाही.
सकाळी फळ्यावर लिहिलं, देवनागरीत आणि रोमनमध्ये,
मडस्किपर.
मड म्हणजे चिखल,
स्किप म्हणजे टुणकन उडी.
चिखलात उड्या मारणारा.
पोरांनी उतरवून घेतलं.

प्राजूनं पेन खाली ठेवलं.
बराच वेळ ती त्या शब्दाकडे बघत होती,
बाजारात कुणी शिळं म्हावरं
ताजं म्हणून पुढे केल्यासारखी.

"पन बाई," ती म्हणाली,
"उरी ती घाबरली की मारतं.
नायतं ती चालतं."